पाचवा कसा पार पडला

धाकटीचं वय अठ्ठेचाळीस, केस अर्धे पांढरे, तरी घरात आणि गल्लीत तिचं नाव धाकटीच. मोठा भाऊ डोक्यावर असला की बाईला म्हातारं व्हायची परवानगी मिळत नाही. दादा आणि वहिनी खालच्या मजल्यावर, ही वरच्या दोन खोल्यांत, आणि जेवायला तिघं एकत्र. लग्न तिनं केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलंच तर ती त्याला इतकी उत्तरं द्यायची, की तो माणूस पुन्हा त्या विषयाच्या वाटेला जात नसे.

अशा बोलघेवड्या बाईनं पोटासाठी धंदा निवडला तो गप्प बसण्याचा. वेबसाइट साध्या माणसाला वापरता येते की नाही, हे ती तपासून द्यायची. मोठ्या कंपन्या यासाठी काचेच्या खोल्या बांधतात, भिंतीत कॅमेरे लावतात. धाकटीकडे एक टेबल, दोन खुर्च्या, जुना लॅपटॉप, आवाज टिपायला फोन आणि चहाची किटली. माणसं फक्त पाच. शितावरून भाताची परीक्षा, असं ती गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायची. पाचांना जिथं ठेच लागते तिथंच पाचशेंना लागते, बाकीच्यांचे पाय कशाला फोडायचे? आणि हे खरंही होतं. तिच्या अहवालावरून शाळेची, दवाखान्याची, वीजबिलाची अशा कितीतरी वेबसाइट सरळ झाल्या होत्या.

काम स्वस्तात व्हायचं त्याचं आणखी एक कारण वहिनी. वेबसाइट बांधण्याआधीच तिची पानं कागदावर काढायची, माणसाला समोर बसवायचं, तो कागदावरच्या चौकोनाला बोट लावेल तसा पुढचा कागद सरकवायचा, अशी धाकटीची रीत. कागद सरकवणारा जो असतो तो कॉम्प्युटर. वहिनी शिवणकाम करायची, तिचे हात चपळ, कात्रीनं बटणं अशी कापायची की छापलेली वाटावीत. ती कॉम्प्युटर झाली. कॉम्प्युटरनं बोलायचं नाही, हसायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही. वहिनीला पहिल्या दोन गोष्टी जमल्या. आठीचं मात्र काही करता येत नव्हतं, कारण ती जन्मजात होती.

समोर बसलेल्या माणसाला एकच सांगणं असायचं: मनात येईल ते मोठ्यानं बोला. हे बटण कशाचं, इथं का थांबलो, वैताग आला, सगळं. आणि धाकटीनं एकही शब्द बोलायचा नाही. मदत केली की परीक्षा संपली. समोरचा चुकीचं बटण दाबतोय हे दिसत असताना गप्प बसणं म्हणजे काय, हे तिलाच माहीत. ती पेन्सिल दातांत धरायची. तिच्या सगळ्या पेन्सिलींना दातांचे वण होते.

आता दादाचं सांगायला हवं, कारण हे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. दादानं सव्वीस वर्षं कापडगिरणीच्या रंगखात्यात काढली. तिथल्या वाफेनं त्याची फुप्फुसं खाल्ली. त्याचीच नव्हे, त्या खात्यातल्या बहुतेकांची. जिना चढायला त्याला तीन वेळा थांबावं लागे, आणि एक लांब वाक्य बोलायलाही तितक्याच वेळा. डॉक्टर म्हणाले होते, घरी श्वासाचं यंत्र हवं, दर महिन्याला तपासणी हवी, नाहीतर पुढच्या हिवाळ्याचं काही सांगता येत नाही. हे या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. बरीच वर्षं भांडण चालल्यावर कारखान्यानं शेवटी कबूल केलं होतं, की आजारी कामगारांचा जन्मभराचा उपचार तो करेल. अट एकच, ज्यानं त्यानं वेळेत नाव नोंदवायचं. नोंदणी कधी आणि कशी, ते अजून जाहीर व्हायचं होतं. घर त्या एका गोष्टीकडे डोळे लावून बसलं होतं.

अशात एक गिऱ्हाईक आलं. चाळिशीचा, आकाशी शर्ट, बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. वहिनीनं त्याचं नाव मऊसाहेब ठेवलं. त्यानं पिशवीतून एका नोंदणी अर्जाची कागदी पानं काढली. पानांवर वर जिथं नाव असतं तिथं पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

"कोणाचा अर्ज आहे हा?" धाकटीनं विचारलं.

"सामायिक आहे. बऱ्याच कारखान्यांना वापरता येईल असा," मऊसाहेब म्हणाला. "आम्हाला वयस्कर माणसं हवीत. अंगमेहनतीचं काम केलेली, कॉम्प्युटरची सवय नसलेली. आणि ती कुठं अडतात, ते तुम्ही नेमकं लिहावं. अगदी नेमकं."

नेमकं हा शब्द ऐकला की धाकटी विरघळायची. तेवढाच तिचा अभिमान. तिनं लगेच होकार दिला. मऊसाहेबानं समोरच्या चहाला हात लावला नाही, बिस्किटालाही नाही.

पहिल्या फेरीला पाच जण आले: एक निवृत्त पहारेकरी, एक भाजीवाली, एक बसचालक, एक सुतार आणि इस्पितळात लादी पुसणाऱ्या मावशी. तिघं शेवटपर्यंत पोचले, दोघं अडले. पहारेकऱ्याला खात्यांच्या यादीत आपल्या कामाला काय म्हणतात ते सापडेना. मावशींनी 'पुढे' दाबायचं ते शेजारचं 'रद्द करा' दाबलं आणि सगळं भरलेलं गेलं म्हणून त्या डोळ्यांत पाणी आणून बसल्या. धाकटीनं पेन्सिल चावत सगळं टिपलं आणि लिहून दिलं: खात्यांची नावं बोलीतली ठेवा, 'रद्द करा' लांब न्या, डॉक्टरांच्या दाखल्याचा फोटो जोडणं सोपं करा. आणखी एक बारीकशी नोंद होती. बरेच जण म्हणाले, की खरा अर्ज असता तर आम्ही मुलाकडून भरून घेतला असता.

पंधरा दिवसांनी मऊसाहेब सुधारलेली पानं घेऊन आला. वहिनीनं ती टेबलावर मांडली आणि तिची आठी खोल झाली.

यादीत खात्यांची नावंच उरली नव्हती, नुसते आकडे होते. 'रद्द करा' लांब जाण्याऐवजी 'पुढे'च्या जागेवर आलं होतं. दाखल्याचा फोटो आता आणखी लहान करून मागितला होता, आणि कसा लहान करायचा ते कुठंच लिहिलं नव्हतं.

"सांगितलं एक, केलं दुसरं," धाकटी चिडली. "आपण लिहिलेलं वाचायलाही येत नाही या लोकांना."

"मला तर वाटतंय, वन्सं, त्यांनी नीट वाचलंय," वहिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे जिथं जिथं तुम्ही बोट ठेवलंत, तिथंच हात फिरलाय. दुसरीकडे कुठंही नाही."

"वहिनी, अर्ज मुद्दाम अवघड करायला कोणाला वेळ आहे? गाढवं आहेत, दुसरं काही नाही."

हे ती मनापासून बोलली. जगात गाढवं फार आणि दुष्ट थोडे, असं तिचं मत होतं, आणि वीस वर्षांच्या धंद्यानं ते पक्कं केलं होतं. गाढवांची सवय झाली की माणूस दुसऱ्या कोणाला ओळखेनासा होतो. तरी तिनं मऊसाहेबाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, काही तांत्रिक अडचणी आहेत, तुम्ही दुसरी फेरी तर घ्या.

दुसऱ्या फेरीला नवी माणसं लागतात, कारण एकदा चुकलेला शहाणा होतो. चार जण आले. पाचवा, एक रंगारी, येतो येतो म्हणाला आणि फिरकलाच नाही. घरच्या माणसाला या खुर्चीत बसवायचं नाही, हा धाकटीचा नियम. पण माणूस ऐन वेळी दांडी मारतो आणि काम तर आजच संपवायचं असतं, तेव्हा नियम पाळणं श्रीमंतांना परवडतं. तिनं खालून दादाला हाक मारली. दादा जिन्यात तीनदा थांबून वर आला, खुर्चीत बसला, पाच मिनिटं नुसता श्वास घेत राहिला आणि मग म्हणाला, "बोल, काय करायचं?"

आधीचे चारही जण अडले होते. एक तर दुसऱ्याच पानावर उठून गेला होता. दादा पार पडला.

तो पार पडला तो त्याच्या आजारामुळे. एका ओळीवर यायचा, ती मोठ्यानं वाचायचा, मध्ये दम संपला की थांबायचा, श्वास भरायचा, पुन्हा वाचायचा. त्यामुळे 'रद्द करा' कुठं आहे ते त्याला दिसलं. आकड्यांच्या यादीखाली बारीक अक्षरात एक तळटीप होती, तीही त्यानं वाचली. दाखल्याच्या पानावर त्यानं हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "याला घाई... करून चालणार नाही. हा माणसाला... घाई करायला लावतोय." असं म्हणून तो बरोबर वाट काढत गेला. आकड्यांच्या यादीत एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं. "आमच्या रंगखात्याचा... क्रमांकही अकराच होता," तो म्हणाला आणि हसला.

धाकटीनं पेन्सिल चावली. तिला वाईट वाटत होतं, अभिमानही वाटत होता. लहानपणी याच माणसानं तिला पाढे शिकवले होते, अशीच एकेक ओळ पुरी करून.

चार दिवसांनी मऊसाहेब अहवाल न्यायला आला. त्यानं उभ्या उभ्याच पानं चाळली. चौघं कुठं अडले ते त्यानं भरभर बघितलं. मग शेवटच्या पानावर आला आणि खुर्ची ओढून बसला.

"पाचवे पार पडले."

"हो," धाकटी म्हणाली.

"कसे पार पडले?"

तिला आश्चर्य वाटलं. वीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. गिऱ्हाइकाला जो पडतो त्याच्यात रस असतो, जो पार पडतो त्याच्याशी कोणाला काय घेणं? तिला वाटलं, चला, एक तरी शहाणा भेटला, जमलेल्या माणसाकडून शिकू बघणारा.

"त्यावर एक पान वेगळं लिहून द्याल?" मऊसाहेब म्हणाला. "नेमकं. आणि त्यांचं बोलणं फोनवर टिपलंय ना? तेही द्या."

आवाज ती कोणालाच देत नसे. पण तिला वाटलं, दादाचाच तर आहे, त्याची काय हरकत असणार. दादा म्हणालाही, दे की, माझ्या आवाजात काय सोनं भरलंय.

ते पान तिनं फार मन लावून लिहिलं. पाचवा माणूस वाचतो कसा, थांबतो कुठं, घाई नसणं हेच त्याचं बळ कसं. आवाज पुन्हा पुन्हा ऐकून तिनं शब्द मोजले आणि लिहिलं: 'एका दमात सात ते आठ शब्द, त्यानंतर दोन ते तीन सेकंद विराम. फुप्फुसाचा आजार असलेल्या माणसाच्या वाचनाचा हा नमुना मानता येईल.' हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर तिनं दोनदा वाचलं. तिला ते फार छान जमल्यासारखं वाटलं. मऊसाहेबाचा निरोप आला: उत्तम. त्यानंतर त्याचा काही पत्ता नव्हता.

दोन महिने गेले. हवा गार व्हायला लागली, दादाच्या छातीतला आवाज भिंतीपलीकडे ऐकू येऊ लागला. मग एका सकाळी त्याच्या फोनवर कारखान्याचा संदेश आला. नोंदणी सुरू, फक्त वेबसाइटवर, मुदत दहा दिवस, प्रत्यक्ष कार्यालयात चौकशी करू नये.

दादानं इस्त्रीचा शर्ट घातला. अर्ज घरातच भरायचा होता, त्याला शर्ट कोण बघणार? पण सव्वीस वर्षं जो कारखान्याच्या दारातून नीटनेटका आत गेला तो आजही तसाच जाणार. वहिनीनं शिवणयंत्र बाजूला केलं. धाकटीनं लॅपटॉप खाली आणून त्या टेबलावर ठेवला.

पहिलं पान उघडलं आणि तिघांनीही ते ओळखलं. तेच चौकोन, त्याच ओळी. फक्त वरची पांढरी पट्टी निघाली होती आणि तिथं कारखान्याचं नाव होतं.

"अगं, हा तर... आपलाच अर्ज," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "मी यातून... पार पडलोय. तू तर माझी... आधीच तयारी करून घेतलीस."

धाकटीनं पान वर सरकवून कारखान्याचं नाव पुन्हा वाचलं. वहिनीनं तिच्याकडे बघितलं, काही बोलली नाही. कॉम्प्युटर असताना तिला जमायचं तसं.

नवीन एवढंच, की पहिल्याच पानावर त्याला आपलं नाव मोठ्यानं सांगायला लावलं. यापुढे अर्जदाराचा आवाज याच्याशी पडताळला जाईल, असं खाली लिहिलं होतं. पुढची पानं दादानं त्याच्या रीतीनं पार केली. आकड्यांच्या यादीतून अकरा शोधला. 'रद्द करा'ला चुकवलं. दाखल्याचा फोटो धाकटीनं लहान करून दिला. आज पेन्सिल दातांत धरायची गरज नव्हती, आज ती हवी तेवढी मदत करू शकत होती, आणि करतही होती. तासाभरानं शेवटचं पान आलं. हे पान त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं.

'ओळख निश्चितीसाठी खालील मजकूर मोठ्याने, सलग वाचा. वाचनात एक सेकंदापेक्षा अधिक खंड पडल्यास नोंद होणार नाही. संधी तीन. सुरू केलेला अर्ज आज सायंकाळी पाचपर्यंतच खुला राहील.'

खाली मजकूर होता. 'मी अर्जदार असे जाहीर करतो की वरील सर्व माहिती मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय व दबावाशिवाय भरली असून ती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे आणि तीत काही चूक आढळल्यास माझी नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कारखान्याला राहील.'

धाकटीनं शब्द मोजले. न मोजणं तिला शक्यच नव्हतं. छत्तीस.

दादानं तिला काही बोलू दिलं नाही. बटण दाबलं आणि वाचायला लागला. "मी अर्जदार असे जाहीर करतो की वरील सर्व..." इथं दम संपला. आठ शब्द. पडद्यावर लाल अक्षरं आली: आवाज खंडित, दोन संधी शिल्लक.

"थांब जरा," तो म्हणाला. पाणी प्यायला, तोंडात औषधाचा फवारा मारला, खिडकीशी जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासानं पुन्हा बसला. या वेळी मान ताठ करून, डोळे मोठे करून तो 'मी स्वतः'पर्यंत गेला. अकरा शब्द. मग खोकल्याची उबळ आली आणि वहिनीनं त्याला पाठ चोळत आत नेऊन निजवलं.

धाकटीनं मऊसाहेबाला फोन लावला. तिसऱ्या खेपेला त्यानं उचलला.

"वाचायची अट काढा," ती म्हणाली. "हा अर्ज दम लागणाऱ्या माणसांसाठी आहे. त्यांना सलग वाचता येत नाही."

"ती सुरक्षेसाठी आहे," तो हळूच म्हणाला. "अर्ज दुसऱ्या कोणी भरू नये म्हणून. तुमच्याच अहवालात होतं ना, लोक मुलांकडून भरून घेतात?"

"आणि ज्यांना दम नाही ते?"

"त्यांच्यासाठी पुढच्या टप्प्यात काही करता येईल का, ते बघू."

"पुढचा टप्पा कधी?"

"नोंदणी संपल्यावर." थोडं थांबून तो म्हणाला, "ते पाचव्या माणसाचं पान फार उपयोगी पडलं आम्हाला. तुम्हाला सांगायचंच राहिलं होतं."

त्यानं फोन ठेवला. ती तशीच उभी होती. मागे स्वयंपाकघराच्या दारात वहिनी आली होती.

"त्या पानावर काय लिहिलं होतंत तुम्ही?"

धाकटीनं सांगितलं. सगळं सांगितलं, सात ते आठ शब्द, दोन ते तीन सेकंद, तो नमुना. आयुष्यभर बोलत आलेल्या बाईला एवढंसं सांगायला घाम फुटला. आपण गाढवांना नावं ठेवत आलो आणि सगळ्यात मोठं गाढव आपणच, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. आणि नुसतं गाढव असतो तरी बरं होतं, असंही वाटत होतं.

वहिनीनं पदरानं हात पुसले, ते आधीच कोरडे होते. "माझ्या माणसाचा श्वास तुम्ही मोजून कागदावर लिहून दिलात," ती म्हणाली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं."

"वहिनी, मी आत्ता जाऊन त्याला सांगते."

"काही सांगायचं नाही. अजून एक खेप उरलीय. तुमचं ऐकून त्यांचा दम जायचा असेल तर तो वाचण्यात जाऊ दे." मग तिचा आवाज खाली आला. "आणि त्यात मीही होतेच की. कागद मीच सरकवत होते."

आतून कुजबुज येत होती. दादा पडल्या पडल्या मजकूर पाठ करत होता. मी अर्जदार असे जाहीर करतो. थांबणं. की वरील सर्व माहिती. थांबणं. दोघी जणी दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या कोणाला वाचायला बसवावं तर आवाज पडताळणार. डॉक्टरांना फोन करावा तर ते म्हणणार, मी दाखला देऊ शकतो, दम देऊ शकत नाही. धाकटीनं तरी केला, आणि ते जवळजवळ तसंच म्हणाले.

साडेचारला दादा उठला. केस विंचरले. खुर्चीत बसण्याआधी तो धाकटीला म्हणाला, "घाबरू नको. पाठ झालंय. आता डोळ्यांचा दम... वाचेल." विनोद होता. वहिनी हसली, खूप मोठ्यानं हसली.

त्यानं तीन लांब श्वास घेतले आणि बटण दाबलं. या वेळी तो अडखळला नाही. पहिल्या आठ शब्दांच्या पुढे गेला, अकरांच्या पुढे गेला. 'मदतीशिवाय व दबावाशिवाय'पाशी त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. 'भरली असून ती' म्हणताना आवाज नुसती हवा झाला. धाकटीच्या ओठांवर पुढचे शब्द येत होते आणि ती ते आत गिळत होती, कारण तिचा आवाज पडला असता तर तेवढ्यानंही नोंद गेली असती. 'माझ्या समजुतीप्रमाणे खरी' इथवर तो पोचला. तोंड उघडंच राहिलं. एक सेकंद गेला. दुसरा गेला.

'अर्ज अपूर्ण. या कामगार क्रमांकावरून पुन्हा अर्ज करता येणार नाही.'

दादाची छाती वरखाली होत होती आणि खोलीत तेवढाच आवाज होता. वहिनी त्याच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. मग पडद्यावरची लाल अक्षरं गेली आणि तिथं एक हसरा पिवळा चेहरा आला. 'ही वेबसाइट वापरणे किती सोपे वाटले? कृपया पाचपैकी गुण द्या.' खाली पाच तारे होते.

दादानं हात पुढे केला. धाकटीला वाटलं, आता हा लॅपटॉप मिटणार. त्यानं बोट पाचव्या ताऱ्यावर नेलं आणि दाबलं. पाचही तारे भरले.

"हे काय केलंत?" वहिनी म्हणाली.

"हिचं काम... आहे ते," दादा म्हणाला. मध्ये बराच वेळ गेला. "माझ्यामुळे... हिला कमी गुण... कशाला?"

धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. पेन्सिल नव्हती, फोन नव्हता, काहीच टिपायचं नव्हतं.

"दादा, ती वाचायची अट माझ्यामुळे आली," ती म्हणाली. "तू कुठं थांबतोस, किती शब्दांनी थांबतोस, ते मी त्यांना लिहून दिलं. तुझा आवाजही दिला. त्यांनी मला विचारलं, पाचवा कसा पार पडला, आणि मी सांगितलं."

दादानं तिच्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, आणि त्याला काही बोलायचं होतं, हेही दिसत होतं. ओठ हलले, पण त्यामागे हवा नव्हती. त्यानं हात किंचित वर करून थांब अशी खूण केली. दोघी जणी त्याचा दम परत येण्याची वाट बघत बसल्या.